कच्च्या टाक्याची ओढणी

बंगळूरच्या हवेचं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्याकडचे पाहुणे आमच्या गच्चीवर उभे राहतात, हात पसरतात आणि म्हणतात, "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" त्यांनी डिसेंबरातली हवा पाहिलेली असते. त्यांनी आषाढात यावं. आषाढात इथे पाऊस थोडा आणि वारा फार. दिवसभर पश्चिमेकडून सुटतो, केस विंचरू देत नाही, दोरीवरचे कपडे शेजारच्या गल्लीत नेऊन टाकतो. या वाऱ्याला आमच्या घरात गाळी म्हणतात. शब्द कन्नड आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत तो केव्हाच मुरलाय. पंख्याचा तो वारा, आणि आषाढातली ती गाळी.

या गाळीनं आमची गाडी जवळजवळ विकायला लावली होती. मी एरवी पत्रकं लिहिते. पत्रकात एका पानात काय हवं ते मागायचं असतं आणि खाली एखादी घोषणा ठोकायची असते. इथे मागायचं काही नाही, त्यामुळे थोडी पसरेन. चालवून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, शिंपी. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, आमच्या गल्लीत सगळेच शिंपी. गल्लीतून चालताना एका घरातल्या मशीनचा आवाज संपायच्या आत पुढच्या घरातला सुरू व्हायचा. मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, होते तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, ते आवाज विरळ व्हायला लागले. तयार कपड्यांची दुकानं आली. त्यातही आषाढ म्हणजे कहर. आमच्याकडे आषाढात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. नवी सून माहेरी जाते, कारण सासू-सुनेनं त्या महिन्यात एक उंबरा ओलांडायचा नाही. ब्लाऊज शिवायला कोण टाकणार? आणि मोठ्या दुकानांवर मात्र पाट्या: आषाढ सेल! आमचा उपाशी महिना त्यांनी सण करून टाकला. त्या पाट्या बघून माझ्या अंगाचा तेव्हाही तिळपापड व्हायचा, आजही होतो.

अप्पा चिडले नाहीत. ते म्हणाले, "गिऱ्हाईक येत नाही तर आपण जाऊ." आणि एका डेअरीनं मोडीत काढलेली मॅटाडोर घेऊन आले.

ती गाडी दारात उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली हसली. आंबट दुधाचा वास इतका, की आईनं आत पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. पण अप्पांच्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन त्यांनी गाडीची एक बाजू कापून घेतली आणि तिथे एक भलामोठा ड्रॉवर बसवून घेतला. कपाटाचा असतो तसाच, फक्त माणूस बसेल एवढा. रुळांवरून बाहेर ओढला की रस्त्याकडेला एक छोटी खोली तयार. तिला तीन बाजूंनी पत्र्याच्या भिंती, आत पायमशीन, इस्त्री आणि अप्पा. परत ढकलला की गाडी पुन्हा साधी गाडी.

ड्रॉवरला छप्पर पत्र्याचं बसेना, आत जाताना अडकायचं. म्हणून वर जाड कापड. त्याची एक कड गाडीच्या टपाला, दुसरी कड ड्रॉवरच्या बाहेरच्या टोकावरच्या पाइपला. पाइपात स्प्रिंग. ड्रॉवर बाहेर आला की कापड पाइपावरून उलगडत यायचं, आत गेला की स्प्रिंग ते आपोआप गुंडाळून घ्यायची. पहिल्यांदा ते कापड सरसर उलगडलं तेव्हा आई पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "बाई गं, ओढणी घेतली की हिनं!" तेव्हापासून ती ओढणी.

त्या दिवसांची मला जितकी आठवण येते तितकी कॉलेजचीही येत नाही. शुक्रवारी बनशंकरीच्या देवळाजवळ. आठवडी बाजाराला देवनहळ्ळी. रविवारी एचएसआर लेआउट, शहराबाहेरची नवी वसाहत. तेव्हा तिथे लेआउट हे नावच होतं. बाकी आखलेले रस्ते, कुंपणाचे दगड, गवत, आणि मधूनच एखादं नवं घर. घर बांधून राहायला आलेल्या बायकांना शिंपी कुठला? त्या गाडीची वाट बघत फाटकात उभ्या असायच्या. आषाढात नवं कुणी शिवत नाही, पण जुन्याचं काम कुठे थांबतं? शाळेचे गणवेश सैल करा, साडीला फॉल लावा, पँटची चेन बदला, उशांचे अभ्रे, पडदे. मी गाडीत मागे बसून हूक लावायचे, काजं करायचे. मशीनच्या तेलाचा, गरम इस्त्रीचा आणि कितीही धुतला तरी न गेलेला दुधाचा वास. ओढणीतून गाळून आलेलं पिवळट ऊन अप्पांच्या टकलावर पडायचं. अप्पा शिवता शिवता जुनी गाणी गुणगुणायचे, आणि गिऱ्हाईक आलं की कन्नडमध्ये, तमिळमध्ये, उर्दूत, त्याच्या त्याच्या भाषेत गप्पा. घरात मराठी, रस्त्यावर सगळं. आम्ही त्याला हुशारी समजलो नाही कधी. पोटासाठी ते लागायचं, एवढंच.

माझं आयुष्यातलं पहिलं पत्रकही त्याच गाडीचं. कोणत्या वारी गाडी कुठे, एवढंच कन्नडमध्ये लिहून सायक्लोस्टाइल करून आणलं आणि घराघरात वाटलं. अप्पा म्हणाले, "छान आहे, पण शेवटी 'विनंती' लिही. तू हुकूम सोडतेस." मी 'विनंती' लिहिलं नाही.

गाळीनं ओढणी पहिल्यांदा फाडली ती एचएसआर लेआउटमध्ये.

तिथे अडवायला काहीच नव्हतं. झाडं तोडून रस्ते आखलेले. कागदावर प्लॉट पाडणाऱ्यांना झाड दिसलं की खटकतं, त्यांना फूटपट्टी सरळ चालवायची असते. एकही झाड नाही म्हटल्यावर वारा थेट मैदानावरून आमच्यावर. आधी ओढणी नुसती फडफडली. मग कापडाखाली वारा शिरला, ते शिडासारखं फुगलं, आणि त्या ताणानं पाइप उलटा फिरला. स्प्रिंग कापड धरून ठेवते खरी, पण वाऱ्यानं ओढलं तर सोडतेही. जेवढं कापड सुटलं तेवढी ती आणखी फुगली, आदळली, पुन्हा फुगली. अप्पा मशीन सोडून उठेपर्यंत टर्रर्र. गाडीच्या टपाकडची कड शिवणीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली.

घरी आईनं ती मांडीवर घेतली. जाड कॅनव्हासची शिवण उसवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. जुने धागे काढायचे, फाटकी पट्टी कापायची, नवी जोडायची. आईची बोटं लाल झाली. अप्पांनी मग त्यावर दुहेरी शिवण घातली. "आता बघू," म्हणाले.

मग देवनहळ्ळीला फाटली. दुहेरी शिवणीसकट.

अप्पांनी तिहेरी शिवण घातली. वर नायलॉनचा धागा. शिंप्याला दुसरं काय सुचणार? काही फाटलं की आमचा हात आणखी टाके घालायला जातो. घट्ट, जवळजवळ, ओळीमागे ओळ. फिटिंग कसं चापूनचोपून हवं! ओढणी अशी ताणून बसवली होती की बोट मारलं तर ढोलकीसारखी वाजायची. अप्पा दोन-तीनदा वाजवून दाखवायचे, लोकांना.

तीही फाटली. आणि दर वेळी त्याच जागी, शिवणीच्या ओळीवर, अशी सरळ की जणू कुणी पट्टी ठेवून कापलंय.

याच सुमारास काका आले. अप्पांचे धाकटे भाऊ. होसूर रोडला एका कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. परदेशी जाणारे शर्ट तिथे शिवले जायचे. काका वाईट माणूस नाही. येताना आईसाठी फुलं आणि आमच्यासाठी म्हैसूरपाक आणणारा माणूस. पण बोलला की टोचणार.

"अण्णा, सर्कस झाली असेल तर आमच्याकडे या. लाइनवर जागा आहे. तुमच्यासाठी धरून ठेवलीय."

"लाइनवर म्हणजे काय करायचं?" अप्पांनी विचारलं.

"कॉलर."

"कॉलर करून झाली की?"

"झाली की पुढची कॉलर."

अप्पांच्या आधी आईच बोलली. तिच्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. ती गाडीच्या विरोधात होती कारण फाटलेली ओढणी प्रत्येक वेळी तिच्याच मांडीवर येत होती, आणि ओढणी नाही म्हणजे गाडी बाहेर नाही, आणि गाडी बाहेर नाही म्हणजे चूल थंड. ती म्हणाली, "भाऊजी, जागा आषाढ संपेपर्यंत ठेवा. अजून एकदा ही फाटली, की गाडी विकायची. मीच सांगते." मग अप्पांकडे वळून, "चालेल?"

अप्पा म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. दुसरं काय म्हणणार? पण मी त्यांच्याकडे बघत होते. आयुष्यभर माणसाच्या अंगाला टेप लावून शिवलेला माणूस. कुणाचा खांदा उतरता, कुणाच्या पाठीला बाक, सगळं ध्यानात ठेवणारा. तो आता जन्मभर कॉलर शिवणार होता, गळा कुणाचा ते न बघता. मला संताप आला. कुणावर ते मात्र कळेना. वाऱ्यावर घोषणा कुठे देता येतात?

त्यानंतर घरात एकच विषय. जेवताना वारा, झोपताना वारा. अप्पांनी गाडी उभी करायची रीत बदलली. ड्रॉवर वाऱ्याच्या उलट बाजूला राहील अशी, गाडीच्या आडोशाला. त्यानं पुष्कळ फरक पडला, पण सगळीकडे मनासारखी गाडी लावता येतेच असं नाही. पाइप उलटा फिरू नये म्हणून त्याला खिट्टी बसवली. ओढणीवरून आडवे दोन पट्टे टाकले, खाली ड्रॉवरला बकलांनी बांधलेले, म्हणजे कापड फुगायला जागाच नको. जोराचा झोत आला की ड्रॉवर आत. हे सगळं बरोबर होतं, आणि कुणाच्या गाडीला असं कापड असेल तर त्यानं हे करावंच. पण ड्रॉवर आत म्हणजे काम बंद. आषाढात गाळी दिवसभर. मग दिवसभर आत बसून काय करायचं?

एका दुपारी आई पुन्हा ओढणी उसवत बसली होती. अप्पांना शिवण अजून पक्की करायची होती. आईनं कापड उजेडासमोर धरलं आणि तिचा पारा चढला.

"हे बघा. या ओळीत कापड राहिलंय कुठे? नुसती भोकं! जितके टाके तितकी भोकं. चाळण केलीत आणि वाऱ्यावर रागावताय."

"मग काय शिवू नको?"

"कच्चा टाका घाला! ट्रायलच्या ब्लाऊजला घालता ना लांब लांब, तसा. फाटायची ती फाटेलच, निदान मला उसवायला तरी सोपं जाईल."

हा टोमणा होता. शुद्ध टोमणा. ती कात्री आपटून चहा ठेवायला गेली. पण अप्पा तिथेच बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "तुझी आई बरोबर बोलतेय."

ज्यांच्या घरात मशीन नाही त्यांच्यासाठी सांगते. कच्चा टाका म्हणजे हातानं घातलेली लांब लांब धावदोऱ्याची शिवण. कपडा अंगावर घालून बघायचा, जिथे नको तिथे एक धागा ओढायचा, सर्रकन सगळं सुटतं, कापडाला काही होत नाही. तो टाका सुटण्यासाठीच घालायचा असतो. कुठलाही शिंपी त्यावर गिऱ्हाईकाला माल देणार नाही. लाज आहे ती.

अप्पांनी ती लाज पत्करली. ओढणीच्या कडेला नवी दुमडलेली पट्टी, तिला मोजके टाके. आणि ती पट्टी गाडीच्या टपावरच्या पट्टीला जोडली ती साध्या सुती धाग्याच्या कच्च्या टाक्यानं. ताणही कमी केला. बोट मारलं तर आता वाजायची नाही, नुसती दबायची. गल्लीतले एक म्हातारे शिंपी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वय झालं रे तुझं." अप्पा हसले. मला मात्र रडू आलं.

मग आला आषाढातला शुक्रवार.

बनशंकरीच्या देवळाला शुक्रवारी काय गर्दी असते ते सांगून कळणार नाही. राहुकाळात बायका तिथे लिंबाचे दिवे लावतात. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळायचा, साल उलटी करायची, की छोटी वाटी तयार. त्यात तूप आणि वात. नवस असतो, घरात कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचं दुखणं बरं होत नाही. सगळ्या रस्त्याला लिंबाचा वास. त्या दिवशी पोलिसांनी गाड्या एकाच रांगेत लावायला सांगितल्या, त्यामुळे आमची गाडी आम्हाला हवी तशी फिरवता येईना. नाक पश्चिमेला, ड्रॉवर बाजूला, आणि वारा ड्रॉवरवरून आडवा.

काका आले होते. सुट्टी काढून. "वहिनी म्हणाल्या म्हणून आलो," असं म्हणाले, पण खरं म्हणजे ते निकाल बघायला आले होते. आईही आली होती, दिव्यांची टोपली घेऊन. तिनं नवस काय केला होता ते तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही.

गाळी वाढली. देवळासमोर बायकांचे दिवे विझायला लागले. एक लावावा, दुसरा विझावा. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या फुलवाल्या अक्काच्या ध्यानात आलं, की ड्रॉवरची पत्र्याची भिंत आणि गाडीची बाजू यांच्यामध्ये एक कोपरा तयार झालाय आणि तिथे वारा लागत नाही. ती टोपली घेऊन तिथे बसली. तिचा दिवा टिकला. ते बघून दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता तो कोपरा बायकांनी भरला. रस्त्यावर खाली ओळीनं लिंबाच्या वाट्या, आणि वर ओढणी धडधडतेय.

काका ओरडले, "अण्णा, आत घ्या! फुगतेय!"

खरंच फुगत होती. पट्टे करकरत होते. अप्पांनी मशीनवरून उडी मारली आणि ड्रॉवर ढकलायला हात लावला. ड्रॉवर हलला, तशी आडोशाची भिंतही सरकली. कोपऱ्यातल्या बायकांनी एकदम कालवा केला.

"अण्णा, स्वल्प निल्ली! स्वल्प!" फुलवाली अक्का हात वर करून म्हणाली. जरा थांबा.

"अक्का, माझं कापड जाईल," अप्पा कन्नडमध्ये म्हणाले.

"कापड पुन्हा येईल. दिवा विझला तर मी माझ्या पोरीला काय सांगू?"

अप्पांचा हात ड्रॉवरवर होता. त्यांनी आईकडे बघितलं. आई त्याच कोपऱ्यात गुडघ्यावर बसली होती, तिच्या हातात पेटती काडी होती, आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. काका म्हणाले, "अण्णा, वेड्यासारखं करू नका, जागा मी धरून ठेवलीय खरी, पण तुम्ही मुद्दाम..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

अप्पांनी हात काढून घेतला आणि ते मशीनवर जाऊन बसले. कुणाच्या तरी गणवेशाची शिवण घालायला लागले. खरंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर ते गुणगुणत होते, पण सूर नव्हता.

मग जो झोत आला तो मला अजून आठवतो. धुळीचा लोट आधी दिसला, मग फुलवाल्यांच्या टोपल्या लवंडल्या, मग ओढणीच्या पोटात वारा शिरला. टर्रर्र झालं नाही. सर्र झालं. पत्त्यांचा कॅट कुणी हातातून सोडावा तसं. टपाकडची कड एका टोकापासून सुटत गेली आणि ओढणी पट्ट्यांतून निसटून पाइपाच्या बाजूला झेंड्यासारखी फडफडायला लागली. ड्रॉवरमध्ये आकाश दिसलं. अप्पांचे कागदी साचे उडाले.

"फाटली!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांना आजही मान्य करते. "फाटली, वहिनी."

कोपऱ्यातले दिवे जळत होते. भिंत जागची हलली नव्हती, वाऱ्याला तिकडे वाट नव्हती. आईनं आपला दिवा लावून झाल्यावर हात जोडले, मगच उठली. पदर कमरेला खोचला आणि ड्रॉवरवर चढली. फडफडणारं कापड तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड बोटांतून ओढत गेली. लग्नाच्या शालूची कड तपासतात तशी. मग उलटी करून पुन्हा. अप्पांची मशीन थांबली होती. तिनं मनात आणलं असतं तर "फाटली" एवढंच म्हणायचं होतं. गाडी गेली असती, मांडीवरचा कॅनव्हास गेला असता, महिन्याच्या महिन्याला पगार आला असता. ती ते म्हणू शकत होती. आम्ही कुणी तिला अडवलं नसतं.

"कुठे फाटलीय?" ती म्हणाली.

काकांनी हात पसरून आकाश दाखवलं. "ही काय! सुटून लोंबतेय!"

"सुटलीय. उसवलीय. फाटलेली दाखवा मला."

"वहिनी, तेच ते."

"शिंप्याच्या घरात उसवलेलं आणि फाटलेलं तेच ते असतं का हो भाऊजी? कारखान्यात विसरलात वाटतं." आणि खाली माझ्याकडे बघून, "बघत काय बसलीस? सुई दे. लांब धागा घाल."

काका खाली उभे होते. वारा अजून होताच. कापड धरायला माणूस हवा होता. आई म्हणाली, "भाऊजी, ते टोक धरा. ओढू नका, नुसतं धरा." काकांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, चाकावर पाय देऊन चढले आणि टोक धरलं. फुलवाली अक्का काकांकडे बघून खालून म्हणाली, "यजमानरू चांगलं काम करतात," म्हणजे मालक, आणि सगळ्या बायका हसल्या. आईनं टाके घातले. लांब, सैल, वाकडे. दिवे विझायच्या आत ओढणी जागेवर होती.

त्या आषाढात ती पुन्हा सुटली, पुष्कळदा सुटली. एचएसआरला तर इतकी, की गाडी लावल्याबरोबर एखादी बाई सुई घेऊनच यायची. दर वेळी चहा होईपर्यंत जोडून व्हायची. फाटली मात्र नाही. काकांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. आईनं गाडीबद्दल चांगलं एक वाक्य नंतरही कधी काढलं नाही.

गाडी आता चालत नाही. गाळीनं तिला काही केलं नाही. ते काम वाहतुकीच्या पाट्यांनी केलं. इथे थांबू नये, तिथे थांबू नये. मोटारीत बसून सामान घेणाऱ्यांसाठी जागा सापडते, मोटारीत बसून शिवणाऱ्यासाठी सापडत नाही. यावर मी पत्रक काढलं होतं, त्याचं काही झालं नाही. अप्पा घरीच शिवतात. ओढणी काढून त्यांनी तिचे फलक करून दिले, आमच्यासाठी; दोरीला ते आई जोडते, कच्च्या टाक्यानं.

कारण आम्ही काही जणी आता होसूर रोडच्या त्या कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या असतो. आतल्या बायकांना संडासला जायलासुद्धा परवानगी मागावी लागते, त्याबद्दल. मी अजूनही 'विनंती' लिहीत नाही. मागच्या आषाढात काकांच्या फाटकासमोर फलक लावला होता. गाळी आली, फलक दोरीवरून सर्रकन सुटला आणि रस्त्यापलीकडे जाऊन कुंपणाला चिकटला. पाळी सुटायची वेळ होती. काका बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो उचलला, झटकला, आणि सवयीनं कड बोटांतून ओढत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वहिनींचा टाका," ते म्हणाले.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं. "लवकर बांध," म्हणाले, "आणि जास्त आवळू नकोस."